कापडाचं विमान

स्मरणिकेसाठी लेख हवा, असा निरोप बॅचच्या ग्रुपवर आला तेव्हा डबे, मैदान, पावसात भिजलेली दप्तरं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गेलेली वीज यांवर बाकीचे लिहितीलच, हे मला ठाऊक होतं. मला लिहायचंय ते एका विमानावर. शाळेच्या स्मरणिकेत विमान कशाला, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीनं विचारलंच. तिला म्हटलं, आठवी 'ब'मधला शिवणाचा तास आठव. मग ती काही बोलली नाही.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. १९९० सालचा पावसाळा. शिवणाच्या बाई रजेवर होत्या आणि वर्ग गोंधळ घालू नये म्हणून कार्यानुभवाचे सर आमच्याकडे आले. (सरांच्या मुलीशी बोलून हा लेख लिहिला आहे. वडिलांचं नाव छापू नये, ते असतानाही त्यांना असलं आवडत नसे, असं ती म्हणाली. म्हणून इथं ते नुसते 'सर'. आपल्या मागच्यापुढच्या दहा बॅचना नाव सांगायची गरज नाही.) मुलगे रंधा-पटाशीवाल्या वर्कशॉपमध्ये आणि मुली शिवणाला, अशी तेव्हाची विभागणी. सरांनी टेबलावरची सुई उचलली, दोऱ्याला मेण चोळलं आणि आम्हाला एक गाठ शिकवली. ओढली की घट्ट होते, पण सरकत नाही. मिरकरवाड्यात जाळं विणताना अशीच मारतात, असं म्हणाले. मग सहज म्हणून गेले, "या गाठीनं मी विमानाचे पंख शिवलेत."

वर्ग हसला. सरांना वाईट वाटल्याचं दिसलं नाही. ते पुढं सांगत राहिले, की विमानाचे पंख कापडाचे असतात, आत लाकडाच्या फासळ्या, वर कापड, आणि त्या कापडाला जो रंग लावतात त्याला पिकल्या केळ्यांचा वास येतो. केळी म्हटल्यावर तर बाकं वाजली. तेव्हा मी उभी राहिले. वर्गात पहिली येणारी मुलगी जशी उभी राहते तशी. म्हटलं, "सर, विज्ञानाच्या पुस्तकात दिलंय, विमानं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची बनवतात." सर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "बस गो खाली. बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाले आणि गाठ पुन्हा दाखवली.

त्यानंतर शाळेत त्यांचं नाव 'केळीवाले' पडलं. ते नाव कुणी पाडलं हे मला माहीत आहे, कारण मी त्या मुलीच्या बाकावरच बसायचे. १९९२ साली सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी आभारप्रदर्शन केलं होतं. त्यात विमानाचा उल्लेख नव्हता.

यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी कंपनीच्या कामासाठी मी लंडनला होते. एका पावसाळी रविवारी, मुलाला घरात कोंडून ठेवणं अशक्य झालं म्हणून, आम्ही हेंडनला रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात गेलो. प्रवेश फुकट, छप्पर मोठं, मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाला आणखी काय हवं? मुलगा लढाऊ विमानांकडे पळाला. माझ्यासमोर एक छोटं दुपंखी विमान होतं. एकावर एक असे दोन पंख, त्यांच्यामध्ये उभे खांब आणि फुलीसारख्या ताणलेल्या तारा, बसायला एकामागे एक अशी दोन उघडी खळगी. पंखाच्या पृष्ठभागावर ठरावीक अंतरानं बारीक उंचवट्यांच्या रांगा दिसत होत्या. मी जवळ जाऊन पाहिलं. ते टाके होते. त्यावर पट्टी चिकटवून रंग दिलेला, पण खाली गाठ आहे हे लपत नव्हतं.

टायगर मॉथ, असं पाटीवर लिहिलं होतं. प्राथमिक शिक्षणाचं विमान.

त्या दिवसापासून या विमानाबद्दल जे मिळेल ते मी वाचत आले. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, पण पदवी इंजिनिअरिंगची, त्यामुळं यंत्र कसं चालतं हे समजल्याशिवाय झोप येत नाही.

या विमानाचा जन्म हेंडनपासून अगदी जवळ, स्टॅग लेन नावाच्या धावपट्टीवर झाला. ती १९३४ मध्ये बंद झाली आणि आता तिथं घरंच घरं आहेत. जेफ्री डी हॅविलँड या इंजिनिअरची कंपनी तिथं होती. या गृहस्थाला फुलपाखरं आणि पतंग गोळा करायचा छंद. त्यामुळं १९२५ साली त्यानं जे छोटं, स्वस्त, हौशी माणसाला झेपेल असं विमान केलं त्याचं नाव ठेवलं 'मॉथ', म्हणजे पतंग. त्याचे पंख दुमडून ते छोट्या जागेत ठेवता येत. मॉथमुळं जगभर फ्लाइंग क्लब निघाले. आपल्याकडं १९२८ मध्ये मुंबईचा फ्लाइंग क्लब जुहूला सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातलं पहिल्या क्रमांकाचं वैमानिकाचं लायसन्स मिळालं. आगाखानांनी भारत आणि इंग्लंडमधलं अंतर एकट्यानं उडून पार करणाऱ्या भारतीयाला बक्षीस लावलं, तेव्हा १९३० साली टाटा आणि अ‍ॅस्पी इंजिनिअर हे दोघंही जिप्सी मॉथ घेऊनच निघाले होते. एक इकडून, एक तिकडून. वाटेत इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, अ‍ॅस्पीकडं स्पार्क प्लग नव्हते, टाटांनी आपल्याजवळचे दिले आणि बक्षीस अ‍ॅस्पींनी जिंकलं. हेच अ‍ॅस्पी पुढं १९६० मध्ये भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. त्याच १९३० मध्ये एमी जॉन्सन नावाची इंग्रज तरुणी जिप्सी मॉथनं एकटी ऑस्ट्रेलियाला गेली. तिचा मार्ग कराची, झाशी, कलकत्ता असा होता. माझ्या आजीच्या लग्नाच्या सुमारास एक बाई एकटीनं झाशीला विमान उतरवत होती, याचं मला अजून नवल वाटतं.

हौशी लोकांचं विमान लष्करी शिक्षणाला मात्र जसंच्या तसं चालेना. अडचण साधी होती आणि जिवाशी गाठ घालणारी होती. पुढच्या खळग्यात बसणारा शिक्षक वरच्या पंखाच्या मधल्या भागाखाली, पेट्रोलच्या टाकीच्या बरोबर खाली आणि चहूबाजूंनी खांबांच्या जाळ्यात अडकलेला असे. पाठीवर पॅराशूट बांधून त्याला घाईनं बाहेर उडी मारायची तर जागाच नव्हती. कंपनीनं काय केलं, तर वरच्या पंखाचा मधला भाग टाकीसकट पुढं सरकवला. शिक्षकाच्या डोक्यावर आभाळ मोकळं झालं. पण पंख पुढं गेला की विमानाला उचलणाऱ्या जोराचा मध्यही पुढं जातो आणि तोल बिघडतो. म्हणून पंखांची टोकं मागं वळवली. टोकं मागं वळली तर खालच्या पंखाची टोकं जमिनीला फार जवळ आली. मग खालचे पंख टोकांकडे थोडे वर उचलले. हे सगळं नकाशे न काढता, छपरीत, विमान समोर ठेवून, सरकवून बघत केलं असं सांगतात. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक चूक सुधारायला जातो आणि तिच्यातून दुसऱ्या दोन निघतात, तसंच हे. फरक एवढाच, की इथं शेवटी जो आकार आला तो देखणा होता. टायगर मॉथ बाजूनं किंवा वरून पाहिलं तर पंख मागं झुकलेले दिसतात, ते असे.

२६ ऑक्टोबर १९३१ रोजी हे विमान पहिल्यांदा उडालं आणि १९३२ मध्ये ब्रिटिश हवाई दलात दाखल झालं. त्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९३२ रोजी, भारतीय वायुसेनेची स्थापना झाली. म्हणजे दोघं एकाच वयाचे. वायुसेनेची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला उभी राहिली, तीही चार वापिटी विमानांवर, आणि वापिटीसुद्धा दुपंखीच.

आता जरा यंत्राविषयी. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढं जावं, सरांच्या तासाला आपण नाहीतरी तेच करायचो.

पंखांचा पसारा सुमारे ९ मीटर, लांबी सव्वासात मीटरच्या आसपास, रिकाम्या विमानाचं वजन साधारण ५०० किलो. एखाद्या छोट्या मोटारीपेक्षाही कमी. धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी आणि वर तागाचं कापड. इंजिन जिप्सी मेजर, १३० अश्वशक्तीचं, चार सिलिंडरचं, आणि उलटं बसवलेलं, म्हणजे सिलिंडर खाली आणि मुख्य दांडा वर. त्यामुळं नाकाडाची उंची कमी होते आणि वैमानिकाला पुढचं दिसतं. पेट्रोलची टाकी वरच्या पंखात, म्हणून पंपाची गरज नाही, गुरुत्वाकर्षणानं इंधन आपोआप खाली येतं. टाकीवर काचेची छोटी नळी आणि तिच्यात तरंगणारा खुंट, तो किती बुडाला त्यावरून पेट्रोल किती उरलं हे समजायचं. विहिरीच्या कठड्यावरून पाण्याचा अंदाज घ्यावा तसं. ब्रेक नाहीत. शेपटाला चाक नाही, एक घसरपट्टी, ती जमिनीवर घासत विमान थांबायचं. बॅटरी नाही, स्टार्टर नाही. सर्वाधिक वेग ताशी १७५ किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे समोरून जोराचा वारा असेल तर खालच्या रस्त्यावरची मोटार पुढं निघून जायची.

शिक्षक पुढं आणि विद्यार्थी मागं. मला हे आधी उलटं वाटलं. पण पुढचं आसन विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ आहे. शिक्षक उतरून गेला तरी तोल फारसा बदलत नाही आणि विद्यार्थी आपल्या नेहमीच्याच जागेवरून पहिल्यांदा एकटा उडू शकतो. दोघांत बोलायला एक नळी. शिक्षक तोंडाशी धरलेल्या भागात ओरडणार आणि विद्यार्थ्याच्या टोपीतल्या कानापाशी आवाज पोचणार. इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज एवढा, की त्या नळीतून मुख्यतः शिव्याच पोचत असाव्यात असा माझा अंदाज आहे.

हे विमान उडवायला सोपं, पण चांगलं उडवायला अवघड, अशी त्याची ख्याती होती. वैमानिकांना ते याच कारणासाठी आवडे. मुलगा ढिसाळपणे वळला की विमान लगेच एका अंगाला घसरून चूक दाखवी, पण त्या चुकीची शिक्षा सहसा जीव घेण्याइतकी नसे. गिरकी खात खाली येणं आणि त्यातून बाहेर पडणं याच विमानावर शिकवत. वर आभाळ, खाली जमीन आणि दोन्ही चाकासारखी फिरताहेत, अशा वेळी हाताला जे वाटतं त्याच्या उलट करायचं असतं. ते शिकवणारी जागा एकच, हजार दोन हजार मीटर उंचीवरची उघडी खळगी.

सुरू करण्याची पद्धत सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, कारण आपल्या सगळ्यांचा तिच्याशी संबंध आहे. स्टार्टर नसल्यामुळं पुढचा लाकडी पंखा हातानं फिरवून इंजिन सुरू करावं लागे. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. खाली उभा असलेला माणूस ओरडणार, "स्विच ऑफ!" आत बसलेला तेच शब्द परत म्हणणार. मग खालचा माणूस पंखा चार-पाचदा हळूहळू फिरवून सिलिंडरमध्ये पेट्रोल ओढून घेणार. मग तो हाक देणार, "कॉन्टॅक्ट!" आतला पुन्हा तेच म्हणणार आणि स्विच चालू करणार. खालच्यानं पंख्याला एक झटका द्यायचा आणि त्याच क्षणी मागं सरायचं. शब्द चुकला, किंवा ऐकला नाही, तर हात जायचा. कधी डोकं.

वर्कशॉपमधलं सहाणेचं यंत्र आठवतंय? ते सुरू करण्याआधी सर मुलांकडून दरवेळी वदवून घ्यायचे, "स्विच ऑफ." मुलानं मोठ्यानं म्हणायचं, "स्विच ऑफ." मग चाकावरून हात फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "कॉन्टॅक्ट!" मुलगा म्हणणार, "कॉन्टॅक्ट!" तेव्हाच बटण दाबलं जायचं. आम्ही मुली व्हरांड्यातून जाताना त्यांची नक्कल करायचो. हेंडनच्या संग्रहालयात एक जुनी फिल्म पडद्यावर दाखवत होते. तिच्यात एक पोरगेलासा माणूस पंख्यासमोर उभा राहून "कॉन्टॅक्ट!" म्हणाला आणि मागं सरला. माझ्या हातातलं मुलाचं जाकीट खाली पडलं.

दुसऱ्या महायुद्धानं या विमानाला जगभर नेलं. वैमानिक हवे होते, तेही हजारोंनी आणि लवकर. ऑक्सफर्डजवळचा मॉरिस मोटारींचा कारखानाही टायगर मॉथ बनवू लागला. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथंही ती बनली. एकूण संख्या आठ हजारांच्या पुढं जाते. युद्ध सुरू झालं तेव्हा भारतीय वायुसेनेकडं एकच तुकडी होती. नव्या मुलांना पहिले धडे द्यायला आधी नागरी फ्लाइंग क्लबांना जुंपलं, मग हैदराबादजवळ बेगमपेठ आणि राजस्थानात जोधपूर इथं प्राथमिक उड्डाणशाळा निघाल्या. जोधपूरचे महाराज उमेदसिंग स्वतः विमानाचे शौकीन, त्यांनी आपल्या राज्यात धावपट्ट्या बांधून ठेवल्याच होत्या. प्राथमिक शाळेतून पास झालेली मुलं पुढच्या शिक्षणाला अंबाल्याला जात. पुढं वायुसेनेचे प्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर याच युद्धकाळात, १९४० मध्ये, वायुसेनेत आले. इद्रिस लतीफ आपल्याला महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून आठवतात. ते तरुणपणी कराचीहून अरबी समुद्रावर जुन्या दुपंखी विमानांतून गस्त घालत होते. मांडवीच्या बंदरावर आगबोटीची वाट बघणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना याच समुद्रावर कापडाची विमानं फिरताहेत याची कल्पना असेल का?

खरं तर असेलही. १९३५ मध्ये टाटांनी मुंबई ते त्रिवेंद्रम टपालसेवा सुरू केली, गोवा आणि कण्णूरमार्गे. तिच्यावरचं एक विमान होतं फॉक्स मॉथ, आणि त्याचे पंख, शेपूट, इंजिन थेट टायगर मॉथवरून घेतलेलं. मुंबईहून गोव्याला जायचं तर डाव्या हाताला कोकण ठेवूनच जावं लागतं. तेव्हा रत्नागिरीत कुणीतरी, भाट्याच्या वाळूत उभं राहून, मान वर केली असणार.

सर वायुसेनेत गेले ते स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये. वैमानिक म्हणून नाही, रिगर म्हणून. रिगर म्हणजे विमानाचं इंजिन सोडून बाकीचं शरीर ज्याच्या ताब्यात असतं तो. पंखांच्या तारांचा ताण, लाकडाची चीर, कापडाचा टाका. पहिली नेमणूक जोधपूर. हे मला त्यांच्या मुलीनं सांगितलं, आणि त्यांच्या सेवापुस्तिकेतही तसं आहे.

तागाचं कापड फासळ्यांवर ओढून बसवायचं आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं प्रत्येक फासळीला आरपार शिवायचं, दर टाक्याला गाठ. गाठ अशी, की एक टाका तुटला तरी शेजारचा सैल पडता कामा नये. मग त्यावर 'डोप' नावाचं द्रावण ब्रशनं लावायचं. ते वाळताना कापड आक्रसतं आणि ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं. बोट मारलं की आवाज येतो. त्या द्रावणात जे पातळ करणारं रसायन पूर्वी वापरत त्याला अ‍ॅमिल ॲसिटेट म्हणतात. विमानांच्या कारागिरांत त्याचं इंग्रजी टोपणनाव होतं 'बनाना ऑइल'. कारण त्याला पिकलेल्या केळ्यांचा वास येतो.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात जाऊन बसले.

आणि तरीही, आठवीतली मीसुद्धा चुकीची नव्हते, हा या गोष्टीचा दुसरा भाग आहे. तो भाग आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाचा आहे. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८, कोल्हापूर जिल्हा. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडं त्यांनी संशोधन केलं. वाहत्या हवेच्या आधुनिक शास्त्राचे जनक म्हणून प्रांटल इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतात. त्यांच्या हाताखाली कोल्हापूरकडचा एक मुलगा शिकला होता, हे मात्र आम्हाला चार वर्षांत कुणी सांगितलं नाही. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. तोच पुढं हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला. घाटगे सुरुवातीपासून तिथं होते. स्वातंत्र्यानंतर टायगर मॉथ म्हातारी झाली होती. लाकडाला आणि त्या जोडणाऱ्या सरसाला आपली हवा मानवत नव्हती. नव्या शिक्षण-विमानाची गरज होती, आणि ते बाहेरून न आणता इथंच आखायचं असं ठरलं.

ते विमान म्हणजे एचटी-२. पहिलं उड्डाण ऑगस्ट १९५१. एकच पंख, १५५ अश्वशक्तीचं इंजिन, एकामागे एक दोन आसनं, आणि सगळं धातूचं. भारतात आखलेलं आणि भारतातच उत्पादनात गेलेलं हे पहिलं लष्करी विमान. वायुसेनेतल्या मुलांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. काही विमानं घानाच्या नव्या हवाई दलालाही दिली गेली. घाटगे यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. पुष्पक हे फ्लाइंग क्लबांचं लाडकं छोटं विमानही त्यांच्याच काळातलं. १९५१ साली एका कोल्हापूरकरानं टायगर मॉथला निवृत्त करणारं विमान उडवून दाखवलं, त्या वर्षी एक रत्नागिरीकर जोधपूरच्या धुळीत टायगर मॉथचे टाके घालत होता. त्यांची भेट झाली नसणार. पण काही वर्षांनी सरांच्या हाती एचटी-२ आली, मग सुई-दोऱ्याची जागा रिव्हेटनं घेतली. सेवापुस्तिकेत ते प्रशिक्षणही नोंदलेलं आहे. म्हणजे विमानं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात हे मी सांगायच्या आधी पस्तीसेक वर्षं सरांना माहीत होतं. ते सांगून मला गप्प करता आलं असतं. त्यांनी "बरोबर आहे तुझं" म्हटलं.

दिल्लीच्या पालमला वायुसेनेचं संग्रहालय आहे, १९६७ पासूनचं. कामानिमित्त दिल्लीला गेले असताना मी तिथं अर्धा दिवस काढला. तिथं एचटी-२ आहे. आणि वापिटी आहे, संपूर्ण जगात उरलेलं एकमेव. कराचीच्या पहिल्या तुकडीकडं याच जातीची विमानं होती. कापड, तारा, टाके. शाळेच्या सहली तिथून धावत मिग विमानांकडं जात होत्या. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी मात्र वापिटीपाशी थांबून पंखाकडं बघत होती. तिला काही सांगावं असं वाटलं, पण तिच्या बाईंनी हाक मारली आणि ती पळाली.

टायगर मॉथ मात्र संग्रहालयातून बाहेर पडून उडाली. वायुसेनेनं जपून ठेवलेलं एक जुनं विमान ब्रिटनमध्ये पाठवून दुरुस्त केलं, पुन्हा कापड चढवलं, पुन्हा डोप लावलं आणि ८ ऑक्टोबर २०१२ रोजी, वायुसेनेच्या ऐंशीव्या वर्धापनदिनी, ते दिल्लीजवळ हिंडनवर सगळ्यांसमोर उडालं. मी घरी दूरदर्शनवर पाहिलं. जेटच्या गर्जनांमध्ये शिवणयंत्रासारखा टकटक आवाज करत ते हळूच गेलं. त्याच ताफ्यात २०१८ मध्ये एक डाकोटा आलं, त्याचं नाव ठेवलंय परशुराम. कोकणवाल्यांना हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सर २००४ मध्ये गेले. म्हणजे हेंडनला मी ते टाके पाहिले तेव्हा सात वर्षं झाली होती. त्यांना पत्र लिहायचं असं मी अजूनही कधीकधी ठरवते, मग आठवतं.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्या घरी गेले. मुलगी माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणते. चहा झाल्यावर मी आठवी 'ब'ची गोष्ट सांगितली, केळीवाल्या नावासकट, आणि कुणाच्या बाकावर मी बसायचे तेही. ताई हसली. म्हणाली, "बाबांना माहीत होतं ते नाव. घरी येऊन आईला सांगायचे, आज दोन डझन पोरी मला केळीवाले म्हणाल्या म्हणून." मग तिनं माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढायला लावली. आत निळ्या कापडात गुंडाळलेली एक लांब वाकडी सुई, मेणाचा चपटा तुकडा आणि तळहाताएवढं, एका बाजूनं पिवळा रंग असलेलं कापड. कडेला चार टाके शिल्लक आहेत. मी नाकाशी धरलं. वास आता ट्रंकेचाच येतो.

ही तिन्ही वस्तू ताईनं शाळेला दिल्या आहेत. मुख्याध्यापकांनी वर्कशॉपच्या दाराशेजारचं काचेचं कपाट रिकामं करून दिलंय. संमेलनाच्या दिवशी ते उघडं असेल. कापड फार ठिसूळ झालंय, तेव्हा कृपा करून हात लावू नका. गाठ बघायची असेल तर शेजारी भिंग ठेवलं आहे. ती मारता येणारी आमच्या बॅचमधली एक मैत्रीण अजून आहे, तिनं दोन तास त्या कपाटापाशी बसायचं कबूल केलंय, दोरा आणि मेण ती आणणार आहे.